जुन्या गाडीत नवे स्पीकर बसवले आणि डग्गाच गायब झाला

मागच्या दिवाळीत बाबांच्या २००९ च्या स्विफ्टमधे पुढच्या दोन दरवाजांचे स्पीकर बदलून घेतले. जुन्यांचा कागद विरला होता, उजवीकडचा तर पावसाळ्यानंतर नुसता फरफरायचा. साडेतीन हजारांची जोडी, खोक्यावर भलामोठा ३०० वॉटचा आकडा, दुकानातल्या पोराने चाळीस मिनिटांत बसवून पण दिले. बाबा तरुणपणी तबला वाजवायचे, त्यामुळे गाणं ऐकताना त्यांचं लक्ष गाणाऱ्याकडे कमी आणि ठेक्याकडे जास्त. त्यांनी एक ठुमरी लावली, दोन मिनिटं मान हलवली आणि मग मान थांबली. म्हणाले, "चाट छान ऐकू येतीये रे, पण डग्गा कुठे गेला?"

खरंच गेला होता, तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, खालच्या आवाजाचा तो डग्गा. वरचे आवाज लखलखीत, खाली सगळा ठणठणाट. फाटक्या जुन्या स्पीकरमधे सुद्धा याच्यापेक्षा जास्त घुमारा होता. दुकानात परत गेलो तर उत्तर तयार, "दादा, दरवाजाच्या स्पीकरला बेस नसतोच, सबवूफर टाका, नऊ हजारांत करून देतो."

सबवूफर म्हणजे फक्त बेसचा, खालच्या आवाजांचा वेगळा मोठा स्पीकर. नऊ हजार द्यायच्या आधी एका रविवारी मीच दरवाजा उघडला. डाव्या दरवाजातली वायर उलटी जोडलेली, स्पीकर आणि पत्र्याच्या मधे बोट जाईल एवढी फट, आणि आतला प्लॅस्टिकचा कागद अर्धा फाडून तसाच लोंबत सोडलेला. स्पीकरचा काही दोष नव्हता, तेच स्पीकर आजही गाडीत आहेत. मधल्या काळात जे वाचलं, मोजलं आणि हात कापून घेऊन शिकलो ते लिहितोय, म्हणजे दुकानात काम करून घेणार असाल तरी पोराच्या शेजारी उभं राहून नेमकं काय बघायचं ते कळेल.

आधी थोडं शास्त्र, कंटाळू नका, सगळी मेख इथेच आहे. स्पीकर म्हणजे कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक कोन, त्याच्या बुडाशी तांब्याच्या तारेची कॉइल आणि मागे चुंबक. स्टिरिओकडून करंट आला की कॉइल पुढे-मागे होते, तिच्याबरोबर कोन हलतो आणि हवा ढकलतो, हे शाळेत झालंय. शाळेत राहून गेलेला भाग असा की कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढतोय, पुढून एक आणि मागून त्याच्या बरोब्बर उलटा, आणि हे दोघं एकमेकांना भेटले की अधिक एक उणे एक शून्य.

बारीक, तीक्ष्ण आवाजांना याचा फारसा त्रास होत नाही कारण त्यांच्या लाटा काही सेंटीमीटरच्या असतात, त्या कोनाच्या समोर सरळ निघून जातात. पण खालच्या आवाजांचं गणित वेगळं, ८० हर्ट्झची लाट जवळपास ४.३ मीटर लांब असते, आख्ख्या स्विफ्टपेक्षा लांब, तिच्यासमोर साडेसहा इंची स्पीकर म्हणजे नदीतला गोटा, ती आरामात वळसा घालून मागे जाते आणि मागच्या उलट्या लाटेला भेटून संपते. घरी करून बघायचं असेल तर एखादा जुना सुटा स्पीकर टेबलावर उघडा ठेवून वाजवा, डबडं वाजल्यासारखा चिरका आवाज येईल, मग बुटाच्या खोक्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडून त्यात घट्ट दाबून धरा, त्याच स्पीकरचा आवाज एकदम भरदार होतो. बाबांना मी हे त्यांच्या भाषेत सांगितलं, की डग्ग्याच्या पुडीला घुमारा येतो तो खालच्या भांड्यामुळे, नुसती पुडी ताणून हवेत धरली आणि थाप मारली तर काय येणार. त्यांना लगेच पटलं.

तर गाडीत हे भांडं म्हणजे दरवाजा. घरच्या स्पीकरला कंपनी खोकं बनवून देते, कारच्या स्पीकरला खोकं नसतं, ते आपल्याला दरवाजाचं करावं लागतं, आणि दरवाजा तर बिचारा काच, लॉक, पाणी आणि पत्रा सांभाळायला बनवलाय, त्याला पन्नास भोकं. म्हणून मी म्हणतो की स्पीकरला जेवढे पैसे देताय त्याच्या निम्मे तरी दरवाजावर घाला, दोन हजारांचा स्पीकर नीट बुजवलेल्या दरवाजात दहा हजारांच्या स्पीकरला फटीच्या दरवाजात लाजवतो. दुकानदाराला हे परवडत नाही, खोकं विकायला पाच मिनिटं लागतात आणि दरवाजा बुजवायला दोन तास.

आता स्पीकर निवडायचा कसा. खोक्यावरचा वॉटचा आकडा बोटाने झाकून टाका, खरंच. तुमच्या स्टिरिओवर ५० वॉट गुणिले ४ असं लिहिलेलं असतं ना, तो आकडा येतो कुठून ते बघा. गाडी चालू असताना बॅटरीच्या लाइनवर साधारण १४.४ व्होल्ट असतात, गाडीचा स्पीकर ४ ओहमचा, वॉट काढायचे तर व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे २०७ भागिले ४, झाले ५२. हा तो "५०". पण एवढे वॉट तेव्हाच येतील जेव्हा लाट पूर्ण चौकोनी असेल, म्हणजे आवाज इतका फाटलेला की गाणं ओळखू येणार नाही. नीट गोल लाटेला त्याच्या निम्मे, २६, आणि आतल्या आयसीचं, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपचं, नुकसान वजा केलं की स्वच्छ आवाजात हातात राहतात १५ ते २० वॉट. बस. मग ३०० वॉटचा स्पीकर घेऊन काय करणार, १५ वॉटवर चालणाऱ्या स्टिरिओला? विहिरीत पाणी गुडघाभर आणि मोटार दहा हॉर्सपॉवरची.

बघायची असते ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटला स्पीकर किती मोठा वाजतो ते, डेसिबलमधे लिहिलेली असते, ८७, ८९, ९२ अशी. एवढ्याशा फरकाकडे कोणी लक्ष देत नाही पण दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात, म्हणजे ९१ वाला स्पीकर १५ वॉटमधे जेवढा वाजतो तेवढा वाजायला ८८ वाल्याला ३० लागतील, आणि ते आपल्याकडे नाहीतच. यात पण एक गंमत करतात, काही कंपन्या १ वॉटवर मोजतात तर काही २.८३ व्होल्टवर, आणि ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की होतात २ वॉट, म्हणजे आकडा फुकटात ३ ने फुगतो, तेव्हा दोन स्पीकरची तुलना करताना कशावर मोजलंय ते बारीक अक्षरात वाचा. वेगळा अॅम्प्लिफायर न लावता नुसत्या स्टिरिओवर चालवायचे असतील तर ९० च्या पुढचा बघा आणि कामाचे वॉट, म्हणजे आरएमएस, ४०-५० असले तरी रग्गड.

कोअॅक्शियल घ्यायचे की कॉम्पोनंट हा वाद दुकानात तासभर चालतो, मी दोन ओळींत संपवतो. कोअॅक्शियल म्हणजे मोठ्या कोनाच्या मधोमध ट्वीटर, म्हणजे तीक्ष्ण आवाजांचा छोटा स्पीकर, बसवलेला, एका भोकात सगळं काम. कॉम्पोनंटमधे ट्वीटर सुटा, तो वर आरशाच्या त्रिकोणापाशी लावायचा, मधे खालचे आणि वरचे आवाज वेगळे करणारी क्रॉसओव्हरची डबी. दरवाजातला स्पीकर गुडघ्याकडे बघत असतो आणि तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातात, त्यामुळे ट्वीटर वर आला की आवाज पायातून उठून डॅशबोर्डवर येतो, हा फरक खरा आहे. पण मेहनत दुप्पट. पहिल्यांदाच करताय तर कोअॅक्शियल घ्या. मागच्या दरवाजांना आत्ता हात पण लावू नका, सगळे पैसे पुढे.

मापाचं मात्र नीट बघा. साडेसहा इंची म्हणजे १६५ मिलिमीटर, सव्वापाच म्हणजे १३०, चार इंची म्हणजे १००, आणि हे नाव झालं, स्क्रूची भोकं प्रत्येक गाडीत वेगळी. त्याहून महत्त्वाची खोली. काच पूर्ण खाली करा, स्पीकरच्या भोकातून पट्टी घालून पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा, नव्या स्पीकरची चुंबकासकट खोली त्याच्यापेक्षा निदान एक सेंटीमीटर कमी पाहिजे कारण काच खडखडते, एका रेषेत थोडीच राहते. काच वर असताना मोजून स्पीकर आणणारे लोक आहेत, आणि मग पहिल्या टोलनाक्यावर काच अर्ध्यात अडकते. मारुती ८०० सारख्या अगदी पातळ दरवाजाच्या गाडीत तर आधी खोली मोजायची आणि मगच दुकानाची पायरी चढायची.

पुढची बाजू पण मोजायची असते हे मला माहीत नव्हतं. ट्वीटर कोनाच्या बाहेर डोकावतो आणि वर दाराच्या पॅडची, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणाची, जाळी असते, दोघं टेकले की खरखर. याला आमच्या स्वयंपाकघरातला उपाय चालला, कणकेचे छोटे गोळे स्पीकरच्या कडेवर आणि ट्वीटरच्या पुलावर ठेवले, कोनावर नाही हं, वरून पातळ पिशवी टाकली, पॅड जागेवर दाबून बसवलं आणि परत काढलं. गोळा जेवढा जाड राहिला तेवढी जागा शिल्लक. माझा ट्वीटरवरचा गोळा चपातीसारखा झाला होता, मग स्पीकर आणि पत्र्याच्या मधली रिंग १८ मिलिमीटरवरून १२ वर आणली.

आणि काहीही विकत घ्यायच्या आधी एक फुकटची तपासणी करा. दरवाजा उघडल्यावर दरवाजा आणि बॉडीच्या मधे रबराची घड्याघड्यांची नळी दिसते, सगळ्या वायरी त्यातून जातात. पंधरा वर्षं दिवसातून वीस वेळा दरवाजा उघडबंद, आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लॅस्टिक तसंच राहतं, बाहेरून काही कळत नाही. दरवाजा हलवला की आवाज येतो-जातो असं होत असेल तर स्पीकर नाही, वायर गेलीये. पक्कं करायला मल्टीमीटर लावा, धडधाकट ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, अनंत दाखवला तर कॉइल तुटली, शून्याजवळ दाखवला तर जळून चिकटली. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधा मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो, आयुष्यभर कामाला येतो.

मग दरवाजा उघडायचा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. पॅडचे स्क्रू लपवलेले असतात, एक आतल्या हँडलच्या मागे टोपणाखाली, एक-दोन हात धरायच्या खाचेत, आणि ज्या गाडीत काच हाताने फिरवायची असते तिथे त्या हँडलच्या मागे घोड्याच्या नालीसारखी एक बारीक क्लिप असते, ती काढायला हँडलच्या मागून फडक्याची पट्टी घालायची आणि बूट पुसतो तशी दोन्ही टोकं ओढत घासायची, क्लिप टणकन उडते, कुठे उडते त्यावर लक्ष ठेवा नाहीतर अर्धा तास पार्किंगमधे ओणवे. बाकी पॅड कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपांवर दाबून बसलेलं असतं. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, क्लिपच्या अगदी जवळ पकडून ओढा, सगळ्या सुटल्या की पॅड वर उचलून काढायचं, आणि झटक्यात लांब नेऊ नका, मागे काचेच्या बटणांची वायर आणि हँडलची केबल असते. जुन्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात, डझनभर आधीच आणून ठेवा. हिवाळ्यातल्या सकाळी तर अजिबात हे काम काढू नका, गाडी तासभर उन्हात राहू द्या, प्लॅस्टिक जरा नरम येतं. माझ्या पहिल्या दरवाजाच्या चार तुटल्या, दुसऱ्याची एक.

पॅड निघालं की समोर येतो तो प्लॅस्टिकचा कागद, काळ्या चिकट दोऱ्याने पत्र्याला चिकटवलेला. याला कचरा समजून फाडतात, माझ्याकडे पण तेच झालं होतं. आता नीट वाचा. काचेच्या बाहेरची रबरी पट्टी सगळं पाणी अडवत नाही, अडवायचं नसतंच, पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दरवाजाच्या आत जातं आणि दरवाजाच्या बुडाला असलेल्या फटींतून खाली रस्त्यावर पडतं, दरवाजा म्हणजे पन्हाळीच. हा कागद त्या पाण्याला पॅडच्या बाजूला येऊ देत नाही. तो फाटला की पहिल्याच मोठ्या पावसात पॅडचा पुठ्ठा फुगतो आणि पायाखालचं कार्पेट ओलं, मग लोक छत गळतंय म्हणून छत उघडतात. कागद हळू सोडवायचा, केस वाळवायच्या ड्रायरने काळा गोंद जरा गरम केला की सुटतो, आणि काम झाल्यावर त्याच गोंदावर परत दाबून बसवायचा, फाटलाच असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्युटाइल टेपने लावायचा.

याच्यावरून एक गोष्ट लक्षात आली असेल, स्पीकरचं चुंबक पाण्याच्या बाजूला असतं. म्हणून स्पीकरच्या मागे वरच्या अर्ध्या भागावर छप्पर हवं, प्लॅस्टिकच्या डब्याचा अर्धा कापलेला तुकडा चालतो, वर बंद, खाली उघडा. कोन पॉलिप्रॉपिलिनचा असेल तर पाण्याला दाद देत नाही, साध्या कागदाचा असेल तर दमट हवेत पाच-सात पावसाळ्यांत पोंगा. आणि रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे असाल तर स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजून डोकीच उरत नाहीत, मग पुढच्या वेळी ड्रिल.

आता भांडं बनवायचं काम. आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात, काचेची मशीन आत घालता यावी म्हणून, मागची लाट याच भोकांतून पुढे येते आणि डग्गा खाते. ती बुजवायला डॅम्पिंग शीट मिळतं, एका बाजूला अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला चिकट ब्युटाइल रबर. मोठ्या भोकावर नुसतं शीट लावलं तर ते फुग्यासारखं हलतं, आधी पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा भोकाच्या मापाने कापून बसवा, वरून शीट. स्क्रूने बसवलात तर उत्तम, कारण काचेची मशीन कधी ना कधी बिघडणार आणि तेव्हा मेकॅनिक तुमच्या नावाने शंख करत ते सगळं खरवडणार.

बाहेरच्या पत्र्याला पण आतून शीट लावायचं, भोकातून हात घालून, आणि इथे हात कापतो, पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला, मी घातले नव्हते. पत्रा आधी थिनरने किंवा स्पिरिटने पुसायचा, पंधरा वर्षांची धूळ असते, तिच्यावर शीट चिकटत नाही. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, मधल्या सपाट भागाचा पंचवीस ते तीस टक्के झाकला तरी पत्र्याचा ठणठणाट जवळपास जातो, बाहेरून बोटाने टकटक करून बघा, आधी ठण येतं, नंतर ठप. शेवटी लाटण्याने किंवा छोट्या रोलरने दाबायचं, अॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत. दोन सूचना. बुडाच्या पाण्याच्या फटी बुजवू नका, नाहीतर दरवाजात तळं साचून खालून गंजेल. आणि पैसे वाचवायला घराच्या छताला लावायची डांबराची पट्टी वापरू नका, नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ती वितळून ओघळते आणि गाडीत रस्त्याचं काम चालल्यासारखा वास येतो.

मग रिंग. स्पीकर सरळ पत्र्यावर आवळला तर पत्रा वाकडा, स्पीकर सपाट, फटी राहणारच, म्हणून मधे जाड रिंग हवी. बाजारात एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, मिळतात, दिसायला छान, पण पाणी लागलं की पापडासारख्या फुगतात. प्लॅस्टिकची घ्या किंवा प्लायवूडची करून तीन हात ऑइलपेंट मारा. रिंग आणि पत्रा, रिंग आणि स्पीकर, दोन्हीकडे फोमची पट्टी. स्पीकरच्या पुढच्या बाजूला पण एक फोमचा गोल वळसा द्या, पॅडच्या जाळीला टेकेल एवढा, म्हणजे पुढचा आवाज पॅडच्या मागे न घुसता गाडीत येतो. दहा रुपयांचा फोम, पण माझ्या मते पैशांच्या मानाने सगळ्यात जास्त फरक याने पडला.

वायरी. कंपनीचा प्लग कापायचा नाही, त्याला बसणारा जोड मिळतो, नव्या स्पीकरला तो जोडून टाका. स्टिरिओच्या मागे बाजारातल्या हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या तयार जुडग्याचे, रंग ठरलेले असतात, पांढरा पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवा मागचा डावा, जांभळा मागचा उजवा, आणि ज्या वायरीवर काळी रेघ ती निगेटिव्ह. इथे एक सवय मोडायला लागते, गाडीत निगेटिव्ह म्हणजे बॉडी असं आपण धरून चालतो, स्पीकरचं तसं नाही, आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, त्यातली एक जरी पत्र्याला टेकली तर आयसीचा जीव धोक्यात. फार जुन्या काही गाड्यांत स्पीकरची एक वायर खरोखरच बॉडीला असायची, तशी असेल तर नवी दुहेरी वायर ओढल्याशिवाय गत्यंतर नाही. एरवी कंपनीची बारीक वायर बदलायच्या मागे लागू नका, तीन मीटरच्या अंतरात आणि १५-२० वॉटला तिच्यात जो आवाज कमी होतो तो कानाला कळत नाही. जोड मात्र पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला नको, उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि पट्टी केळीच्या सालीसारखी उलगडते. सोल्डरचा डाग द्या, वर गरम केली की आवळणारी हीटश्रिंक नळी.

आणि आता डग्गा कुठे गेला त्याचं मुख्य उत्तर. एका बाजूची वायर उलटी लागली की उजवा कोन पुढे येताना डावा मागे जातो, म्हणजे तीच अधिक एक उणे एकची गोष्ट, या वेळी दोन दरवाजांच्या मधे, तुमच्या मांडीवर. दोन्ही बाजू उलट्या असतील तर काही बिघडत नाही, एकच उलटी असली की बेस गायब आणि गाणारा समोर न वाटता डोक्यात कुठेतरी तरंगल्यासारखा वाटतो. दरवाजा न उघडता तपासता येतं, बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, ऐका, मग मधे आणा. दोन स्पीकर मिळून बेस वाढायला पाहिजे, मधे आणल्यावर कमी झाला तर वायर उलटी. दुकानात बिल द्यायच्या आधी हे एक मिनिट घालवलं असतं तर माझा रविवार वाचला असता, हात पण.

दरवाजा उघडा असेल तेव्हा भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. स्टिरिओचा प्लग काढून ठेवा, स्टिरिओच्या टोकाला वायरीच्या दोन तारांना सेल क्षणभर टेकवा, कोन बाहेर उडाला तर सेलचा प्लस ज्या वायरीला होता ती प्लस, आत गेला तर उलटं. नुसतं टिचकीएवढं टेकवायचं, धरून ठेवायचं नाही. माझा उजवा कोन बाहेर आला, डावा आत गेला. स्पीकरच्या दोन पिना असतात, एक रुंद, एक अरुंद, रुंद ती प्लस, पण पोराने आपल्या जोडाच्या पिना कापून सरळ पिळल्या होत्या, मग कसलं रुंद आणि कसलं अरुंद.

पॅड चढवायच्या आधी गाडी चालू करून फोनवर टोन वाजवणारं एखादं अॅप लावा आणि ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू न्या, प्रत्येक आकड्याला दरवाजातलं वेगळं काहीतरी बोलतं. माझ्याकडे ६५ ला लॉकची सळई झरझरत होती, ९० च्या आसपास एक वायरचा गठ्ठा पत्र्यावर टकटक करत होता, फोमची पट्टी गुंडाळून गप्प केले. पॅड चढवल्यावर परत एकदा, पॅडची स्वतःची किरकिर वेगळी असते.

सेटिंग पटकन सांगतो. स्टिरिओत हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक आकड्याच्या खालचे आवाज कापणारी सोय, असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा. उलटं वाटतं, बेस पाहिजे म्हणून एवढं केलं आणि खालचे आवाज कापायचे? पण तेवढाच आवाज काढायला स्वर एक सप्तक खाली गेला की कोनाला चौपट हलावं लागतं, ४० हर्ट्झच्या मागे धावताना साडेसहा इंची कोनाची दमछाक होते आणि वरचे चांगले आवाज पण फाटतात. डग्ग्याचा जो घुमारा आपल्या कानाला लागतो त्याचा बराचसा भाग ८० च्या वरच असतो. बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद. आवाज फाटायला लागला की कमी करायचा, कारण लाटेची डोकी कापली जातात तेव्हा ट्वीटरची केसाएवढी तार आधी जळते. स्टिरिओ अजून कॅसेटवाला असेल आणि तुम्ही सिगारेट लायटरमधे घालायच्या एफएम ट्रान्समीटरवरून फोन ऐकत असाल तर आधी तो बदला, एवढं सगळं करून खरखर ऐकण्यात अर्थ नाही. अॅम्प्लिफायर लावणार असाल तर बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज, बाकी तो विषय वेगळा.

सगळं जागेवर बसलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. बाबांना खाली बोलावलं, तीच ठुमरी लावली. डग्ग्यावर मनगट घासून तो घुमारा वर चढतो ना, तो जसाच्या तसा दाराच्या खालून निघून समोर काचेपाशी आला. बाबांनी काही म्हटलं नाही, मांडीवर ठेका धरला, गाणं पूर्ण ऐकलं. मग उतरले आणि दार लावलं, आणि थांबले. पंधरा वर्षं ते दार खण्णकन लागायचं, आता शीटमुळे धप्प लागलं, मोठ्या गाडीसारखं. त्यांनी परत उघडलं, परत लावलं. तिसऱ्यांदा पण.

"मागच्या दारांना पण कर," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, मागे स्पीकर बदलायची गरज नाहीये." तर म्हणे, "स्पीकरचं कोण बोलतंय?"